परदेशात गेल्यावर पत्त्याची नोंदणी: नागपुरातून निघण्याआधी काय काय हाताशी हवं?

धंतोलीकर (धागाकर्ता):
भाचा सप्टेंबरअखेर मास्टर्ससाठी जर्मनीला निघतो आहे, गाव लाइपझिग. वसतिगृहाच्या यादीत नाव आहे, पण नोव्हेंबरच्या मध्याआधी खोली मिळेलसं दिसत नाही. तोवर एक भाडेकरू आपली खोली सहा आठवड्यांसाठी पोटभाड्याने द्यायला तयार आहे. भाडं परवडणारं आहे, पण तो म्हणतो, "इथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होणार नाही." विद्यापीठाच्या पत्रात मात्र राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवा असं स्पष्ट लिहिलं आहे.

प्रश्न दोन. नोंदणी न होणारी खोली सहा आठवड्यांपुरती घ्यावी का? आणि नागपुरातूनच कोणते कागद नेले तर तिकडे अडणार नाही? सोबत इतर देशांचीही माहिती आली तर धागा सगळ्यांच्या कामी येईल.

फुटाळा_काठ:
खोली घेऊ नका. कारण सांगते.

जर्मनीत पत्त्याची नोंदणी ही पहिली वीट आहे. २०१५ च्या १ नोव्हेंबरपासून तिथे देशभर एकच नोंदणी कायदा लागू आहे. राहायला गेल्या दिवसापासून दोन आठवडे मोजायचे, विमान उतरल्या दिवसापासून नाही. त्याच कायद्याने घर देणाऱ्याचा सहीचा दाखला सक्तीचा केला. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. जीभ अडखळते, पण शब्द पाठ करून ठेवा, कारण खिडकीवर पहिल्यांदा हाच कागद मागतात. भाडेकरार याच्या जागी चालत नाही. करार चाळीस पानांचा असला तरी नाही.

दाखल्यावर चार गोष्टी हव्यात: घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, राहायला आल्याची तारीख, घराचा पूर्ण पत्ता आणि राहायला आलेल्या सगळ्यांची नावं. घर देणारा स्वतः मालक नसेल तर मालकाचं नावही. कोऱ्या दाखल्याचा नमुना बहुतेक शहरांच्या संकेतस्थळावर मिळतो. भाच्याने तो इथूनच छापून न्यावा आणि किल्ली घेताना समोर ठेवून सही घ्यावी. नंतर पाठवतो म्हणणाऱ्याच्या मागे लागण्यात दोन आठवडे सहज जातात.

त्रिमूर्तीनगर:
फुटाळाताईंशी सहमत. पण एक पुस्ती जोडतो. पोटभाड्याने खोली देणारा मूळ भाडेकरूही हा दाखला देऊ शकतो, त्यासाठी मालकच हवा असं नाही. तो नोंदणी होणार नाही म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याने मालकाची परवानगी न घेता खोली दिलेली असते. म्हणजे मालकाला कळलं तर राहणाऱ्यालाच रातोरात बाहेर पडावं लागण्याची भीती. नोंदणी सोडा, खोलीच डळमळीत आहे.

दाखला देणं हे घर देणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. त्याने नकार दिला तर राहणाऱ्याने नोंदणी कार्यालयाला तसं लगेच कळवायचं असतं. गप्प बसायचं नाही.

वऱ्हाडी_ठसका:
काका, एवढं काऊन घाबरून राह्यले? लाइपझिगात नागपूरचे कितीतरी पोरं आहेत. एखाद्या मित्राच्या पत्त्यावर नोंद टाकायची, राहायचं दुसरीकडे. सहा आठवड्यांचाच तर प्रश्न आहे.

फुटाळा_काठ:
ठसकाभाऊ, हे अजिबात करू नका आणि कुणाला सुचवूही नका. जिथे राहात नाही तिथला दाखला देणाऱ्या मित्राला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. उशिरा नोंदणीचा किंवा नोंदणीच न करण्याचा दंड १,००० युरोपर्यंत आहे. म्हणजे उशिरापेक्षा खोटेपणाला कायदा कितीतरी कडक आहे. फेसबुकवर पैसे घेऊन पत्ता देणारे भेटतात, तेही याच कलमात येतात. त्यातून सगळं टपाल त्या पत्त्यावर जातं ते वेगळंच.

वऱ्हाडी_ठसका:
५०,००० चं माहीत नव्हतं ताई. सूचना मागे घेतो. कोणाच्या पोराचं नुकसान नको.

रामटेककर:
टपालाचा मुद्दा आला म्हणून. तिकडे टपाल पेटीवरच्या नावाने येतं. आपल्याकडे पोस्टमन फ्लॅट नंबर बघतो, शेजाऱ्याला विचारतो. तिकडे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतोच. इमारतीच्या दारातल्या पेट्यांवर आडनावं चिकटवलेली असतात. आडनाव नसेल तर पाकीट परत.

आणि नोंदणीनंतर जे जे येतं ते टपालानेच येतं. कर-क्रमांक, म्हणजे ११ आकडी श्टॉयर-आयडी, नोंदणी झाली की आपोआप निघतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पोचतो. तो फोनवर सांगत नाहीत. आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, सगळं वेगवेगळ्या पाकिटांत. अर्धवेळ काम धरलं आणि कर-क्रमांक नसला तर काम देणारा पगारातला कर सहाव्या कर-वर्गाने कापतो, तो सगळ्यात जास्त. ते पैसे पुढे परत मिळतात, पण विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात तेच तर हवे असतात.

म्हणून किल्ली मिळाली त्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर लावा. पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूच्या आडनावाखाली. पट्टीवर पारदर्शक चिकटपट्टी फिरवा, नाहीतर पावसात शाई उतरते.

माहेर_वर्धा:
नावावरून आठवलं. आपलं मराठी नाव तीन भागांचं आणि इथेच अर्धे घोळ होतात. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम' मध्ये असतं, आडनाव वेगळं. जर्मन कार्यालय पासपोर्टवर जे दिसतं तेच उतरवतं, म्हणजे वडिलांचं नावही मुलाचं दुसरं नाव म्हणून नोंदलं जातं. चालतं ते. फक्त पुढे बँक, विमा, विद्यापीठ सगळीकडे तसंच पूर्ण लिहायचं, एकीकडे गाळायचं आणि एकीकडे घालायचं असं नको.

आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर निघण्याआधी इथेच दुरुस्त करून घ्या. तिकडच्या संगणकाला आडनाव लागतंच.

आणि लग्न झालेल्या बायकांसाठी: फॉर्मवर जन्मनावाचा रकाना असतो, तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलंही. मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं, असं असेल तर जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रातल्या नावबदलाची प्रत ठेवा.

संत्राबर्फी:
घरमालकासाठी एक डबा संत्राबर्फी बॅगेत ठेवा हो काका. दाखल्यावर सही होईल की नाही सांगता येत नाही, पण ओळख नक्की गोड होईल :)

धंतोलीकर:
बर्फी यादीत लिहिली. सगळ्यांचे आभार. ही खोली सोडायची हे पक्कं झालं. आता कागदांबद्दल सांगा. सीताबर्डीतला एजंट म्हणतो जन्मदाखला, दहावी, बारावी, पदवी सगळ्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का) करून घ्या, नाहीतर तिकडे कुणी विचारणार नाही.

लक्ष्मीनगर_चौक:
जर्मनीसाठी हा खर्च करण्याआधी थांबा. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात आला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवली. त्यामुळे भारतीय कागदावरचं अपोस्टिल जर्मन कार्यालयाच्या लेखी चालत नाही. तिथल्या कार्यालयाला एखाद्या दाखल्याची शंका आली तर ते भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत त्याची प्रत्यक्ष पडताळणी मागवतात. तो वेगळा, वेळखाऊ प्रकार आहे आणि तो सहसा लग्न, मुलं, कुटुंब यांच्या कामात येतो. एकट्या अविवाहित विद्यार्थ्याच्या पत्त्याच्या नोंदणीला साधारणपणे पासपोर्ट, व्हिसा, घराचा दाखला आणि भरलेला फॉर्म एवढंच लागतं.

जन्मदाखला तरी न्यावा, पुढे कुठे ना कुठे लागतो. पण अपोस्टिलसकट नाही.

उपराजधानी:
नेदरलँड्ससाठी मात्र उलटं आहे. तिथे जन्मदाखला अपोस्टिलसकटच लागतो. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची. तिथे नगरपालिकेला खेमेंटे म्हणतात. कुटुंबातल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळानेसुद्धा, समक्ष हजर राहायचं. नोंद झाली की नऊ आकडी बीएसएन क्रमांक मिळतो आणि पगार, बँक, विमा सगळं त्यावर. घराचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, दुसऱ्याच्या घरी राहात असाल तर मुख्य राहणाऱ्याचं संमतीपत्र. खोल्यांच्या जाहिरातींत 'नोंदणी नाही' अशी ओळ तिथेही दिसते. ती दिसली की पुढची जाहिरात बघायची.

चार महिन्यांपेक्षा कमी राहणाऱ्यांना वेगळ्या, अनिवासी नोंदवहीत नाव घालून बीएसएन मिळतो. दोन्हींत गल्लत करू नका.

माहेर_वर्धा:
जन्मदाखल्याबद्दल नागपूरकरांनी एक लक्षात घ्यावं. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, आईवडील जिथे राहतात तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळे वाढलेलं पोर लक्ष्मीनगरात आणि नोंद वर्ध्याच्या, यवतमाळच्या नगरपालिकेत, नाहीतर एखाद्या ग्रामपंचायतीत, असं कितीतरी घरांत असतं. नागपूर महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन उपयोग नाही, जिथली नोंद तिथेच दाखला. नागपुरातच जन्म असेल तर महापालिकेच्या दहा झोनपैकी आपलं झोन कोणतं ते आधी बघा.

जुना दाखला हाताने लिहिलेला, फक्त मराठीत, त्यावर बाळाचं नावच नाही, हे तिन्ही दोष एकत्र असू शकतात. कारण बारशाआधीच जन्म नोंदवला जातो आणि नाव घालायला पुन्हा कुणी जात नाही. नाव नसलेला दाखला कुठल्याच देशात चालत नाही. आधी नाव नोंदवून घ्या, मग मराठी-इंग्रजी दोन्हींतला नवा दाखला मागा. दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा, आईवडिलांच्या नावांसकट. कार्यालयातच बघा, घरी येऊन नाही.

त्रिमूर्तीनगर:
आणि दवाखान्याने दिलेला कागद म्हणजे जन्मदाखला नव्हे. दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीखही इथे पुरत नाही.

अपोस्टिलचा क्रम नेदरलँड्सवाल्यांसाठी: नगरपालिकेचा दाखला, त्यावर राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालयाची स्वतःची फी प्रति कागद ५० रुपये आहे, वर लागतं ते सेवा-केंद्राचं आणि एजंटचं. राज्याची पायरी टाळून थेट दिल्लीला पाठवलेला दाखला परत येतो. दाखला आधी लॅमिनेट करून ठेवू नका, त्यावर शिक्का बसत नाही.

कोराडीरोड:
जपानबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. नारिता, हानेदा, कान्साई, चुबु या मोठ्या विमानतळांवर उतरल्याबरोबर निवास-कार्ड हातात मिळतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड किंवा शहर कार्यालयात कार्ड आणि पासपोर्ट घेऊन जायचं. ते कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता छापून देतात. तोवर बँक खातं आणि मोबाइलचा करार दोन्ही अडतं. त्याच इमारतीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची खिडकी असते, एकाच फेरीत उरका. १२ आकड्यांचा 'माय नंबर', म्हणजे तिथला व्यक्तिगत क्रमांक, पुढे टपालाने.

९० दिवस पत्ता कळवलाच नाही तर राहण्याची परवानगी रद्द होऊ शकते. दुसऱ्या शहरात जाताना आधी जुन्या कार्यालयात 'निघतो' म्हणून कळवायचं आणि तो कागद घेऊन नव्या कार्यालयात १४ दिवसांत. जर्मनीत देशातल्या देशात घर बदललं तर फक्त नव्या ठिकाणी नोंदवायचं, जपानमध्ये दोन्हीकडे. इथे जर्मनीहून जपानला गेलेले लोक हमखास चुकतात.

रामटेककर:
स्वीडनचंही एका ओळीत: एक वर्ष किंवा जास्त राहणार असाल तरच लोकसंख्या नोंदणी आणि व्यक्तिगत क्रमांक, आणि हे काम नगरपालिका नाही, कर खातं करतं.

अमेरिकेत नगरपालिकेत नोंद नसते, पण पत्ता बदलला की १० दिवसांत इमिग्रेशनला एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर गेलेले विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला कळवतात, ते पुढे नोंदवतात. ब्रिटनमध्ये आपण समजतो तशी नोंदणीच नाही. तिथे काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे स्थानिक घरपट्टीच्या, बिलावरचं नाव हाच पत्त्याचा पुरावा होऊन बसतो. शिवाय भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे असल्याने तिथल्या मतदार यादीत नाव घालू शकतात. बँकेला तो पुरावा आवडतो.

सदर_बाजार:
मूळ धाग्यापासून थोडं बाजूला. तिकडे नोंद झाली म्हणजे नागपूरचा पत्ता रद्द होतो का? पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नागपुरातल्या महाल भागातला पत्ता आहे. आधार, मतदार यादी, बँक, सगळीकडे तोच.

लक्ष्मीनगर_चौक:
पासपोर्टवरचा पत्ता तसाच राहू द्या. परदेशी कार्यालय त्या पानाकडे बघत नाही. नूतनीकरण तिकडच्या दूतावासात झालं तर तेव्हा तिथला पत्ता घालता येतो.

आधारवरचा पत्ता आपोआप बदलत नाही. नागपूरचाच राहतो. त्याला जोडलेला भारतीय मोबाइल नंबर मात्र जिवंत ठेवा, ओटीपी त्यावर येतो. रिचार्ज संपून नंबर दुसऱ्याला गेला की घरच्यांनाही काही करता येत नाही.

बँकेचं लगेच करा. निवासी बचत खातं परकीय चलन कायद्याने एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करावं लागतं, ते तसंच वापरत राहणं नियमबाह्य आहे. मतदार यादीसाठी फॉर्म ६अ आहे, परदेशस्थ मतदार म्हणून. नाव पासपोर्टवरच्या भारतीय पत्त्याच्या मतदारसंघात लागतं, मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन केंद्रावर स्वतः यावं लागतं.

वऱ्हाडी_ठसका:
हे मतदानाचं मस्त सांगितलं. एक विचारतो, त्या जर्मन फॉर्मवर धर्माचा रकाना आहे म्हणे. तिथं हिंदू लिहायचं का?

फुटाळा_काठ:
तो रकाना चर्च-करासाठी आहे. ज्या धर्मसंस्था सरकारमार्फत कर घेतात त्यांचाच तिथे संबंध. त्यांचे सदस्य असाल तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के रक्कम वेगळी कापली जाते. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८, बाकी राज्यांत ९. आपल्याकडच्यांनी 'नाही' असा पर्याय निवडायचा. नागपुरात ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. त्यांनी लिहिण्याआधी हे समजून घ्यावं, कारण नंतर बाहेर पडायला वेगळा अर्ज आणि बहुतेक राज्यांत फी लागते.

आणखी एक पत्र हमखास येतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. ती माणसामागे नाही, घरामागे आहे. चौघांनी मिळून घर घेतलं असेल तर एकाने भरायची, बाकी तिघांनी पत्राच्या उत्तरात त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. वसतिगृहात सामाईक गल्लीत उघडणारी खोली मात्र स्वतंत्र घर धरली जाते. पत्र फसवणुकीचं वाटून फेकू नका, मागची बाकी दंडासकट येते.

धंतोलीकर:
मग आता मूळ प्रश्नाकडे. ती खोली सोडली तर सहा आठवडे राहायचं कुठे? आणि कार्यालयाची वेळच दोन आठवड्यांत मिळाली नाही तर?

त्रिमूर्तीनगर:
राहण्याचे तीन मार्ग, पसंतीच्या क्रमाने. पहिला, विद्यापीठाच्या विद्यार्थी-सेवा संस्थेला ईमेल करून तात्पुरती खोली विचारणे. त्यांच्याच इमारतीत असल्याने दाखला बिनबोभाट मिळतो. दुसरा, सुट्टीला किंवा सेमिस्टरसाठी बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्याची खोली, मालकाच्या लेखी परवानगीसह. पैसे पाठवण्याआधी एकच वाक्य लिहून विचारायचं: नोंदणीसाठी घराचा दाखला द्याल का? उत्तर लेखी घ्या. तिसरा, सुरुवातीचे काही दिवस प्रवाशांसाठीचं हॉस्टेल. तिथे पाहुण्यासारखी राहणी असल्याने नोंदणीचे नियम वेगळे आहेत, पण मग बँक, कर-क्रमांक, निवास परवाना सगळं खोली मिळेपर्यंत लटकतं. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या, दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या खात्याचे) महिन्याचे ९९२ युरो सुटायलाही काही ठिकाणी नोंदणीचा कागद मागतात. तेव्हा दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून पाठवा.

फुटाळा_काठ:
वेळेचं असं आहे. घर पक्कं झाल्या क्षणी, नागपुरात बसूनच, शहराच्या संकेतस्थळावर वेळ घ्या. काही शहरांत रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर पुन्हा दिसू लागतात. तिकडचे सकाळचे सात-आठ म्हणजे आपले साडेदहा-साडेअकरा, घरच्यांनी बसून शोधायला सोयीचं. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की त्यात एक तास वाढतो. शहरात अनेक शाखा असतील तर आपल्या भागातलीच हवी असं सहसा नसतं. वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली तरी घ्या आणि मुदतीच्या आत वेळ मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. तो दाखवला की सहसा कुणी दंडाचं बोलत नाही.

परदेशातून पहिल्यांदा येणाऱ्याची नोंद समक्षच होते. झाली की शिक्क्याचा कागद मिळतो, तो फुकट असतो. खिडकी सोडण्याआधी नाव, जन्मतारीख, पत्ता तिथेच वाचा. नंतर तोच कागद पुन्हा हवा असेल तर फी पडते. निवास परवान्याची वेळही त्याच आठवड्यात मागा, व्हिसाची मुदत संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

रामटेककर:
आणि नोव्हेंबरमध्ये वसतिगृहात गेल्यावर पुन्हा नोंद, पुन्हा दोन आठवड्यांत, नव्या दाखल्यासह. विमा, बँक, विद्यापीठ यांना वेगळं कळवावं लागतं. शिक्षण संपवून जर्मनी सोडताना नोंद रद्द करायची: निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते घर सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत. तो रद्द केल्याचा कागद नसेल तर विमा आणि रेडिओची वर्गणी बंद करताना दमछाक होते.

धंतोलीकर:
भाच्याने विद्यार्थी-सेवा संस्थेला ईमेल पाठवला. एक शंका उरली. समजा करार १ ऑक्टोबरपासून आहे, पण तो पोचणार ४ तारखेला. दाखल्यावर कोणती तारीख घालायची?

फुटाळा_काठ:
४. प्रत्यक्ष राहायला आल्याची तारीख, कराराची नाही. काही घरमालक सवयीने १ लिहून सही करून ठेवतात. मग पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का ४ चा आणि दाखला १ चा, असं जुळत नाही आणि खिडकीवरून परत पाठवू शकतात. किल्ली घेताना तारखेचा रकाना रिकामा असलेलाच नमुना पुढे करा.